दोन ते आठ अंश

माझ्या सासऱ्यांना सगळं बेट थंडोबा म्हणायचं. एक कारण म्हणजे त्यांचा धंदा. बंदरावरचा बर्फखाना, मासळीच्या पेट्या, दुकानांतले फ्रीज, दवाखान्यातलं लशींचं कपाट, जे म्हणून गार राहायला हवं ते गार ठेवणारे बेटावरचे ते एकटेच मिस्त्री. दुसरं कारण स्वभाव. घराला आग लागली तरी आमचे बाबा आधी हातातला चहा संपवतील, असं माझ्या नवऱ्याने लग्नाआधीच मला सांगून ठेवलं होतं.

नवरा मालवाहू जहाजावर. आठ-आठ महिने त्याचा पत्ता नसायचा. घरात मी आणि बाबा दोघंच. मी धक्क्यावर लाँचच्या तिकिटांच्या खिडकीत बसते. सकाळी आम्ही बरोबर निघायचो, ते सायकल हातात धरून माझ्या चालीने चालायचे आणि बर्फखान्याच्या फाटकाशी वळताना न चुकता म्हणायचे, "जेवून घे वेळेवर."

बिघडलेल्या फ्रीजपाशी गेले की ते आधी काही उघडत नसत. कडेला तळहात टेकवून डोळे मिटून उभे राहायचे. मग मालकाला विचारायचे, "दार उघडं राहिलं होतं का?" मालक छातीवर हात ठेवून नाही म्हणायचा आणि दाराच्या रबरात कोथिंबिरीची काडी सापडायची. "मशीन खोटं बोलत नाही," एवढं म्हणून ते काडी मालकाच्या हातात द्यायचे.

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. त्या शिवणकाम करायच्या. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट, मशीनची सुई बोटात मोडली, बोट सुजलं, सूज मनगटापर्यंत चढली, म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर आमच्याकडे बुधवारीच लाँचने यायचे. तो वार दुसरा होता. नर्सने, म्हणजे आमच्या सिस्टरने, नेहमीचं इंजेक्शन दिलं. ते सासूबाईंना सोसलं नाही. चेहरा सुजला, घशाला सूज आली, श्वास अडकला. सिस्टरने उताऱ्याचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

चौकशी झाली. सिस्टरची काही चूक नव्हती. आधी कधी असा त्रास झाला होता का, असं तिने विचारलं होतं, आणि सासूबाईंनी नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं. बाबांनी हे सगळं मान्य केलं. एकच गोष्ट त्यांच्या गळ्याखाली उतरली नाही. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता. "बर्फखाना तिथून पाच मिनिटांवर. ती वीस मिनिटं तिथे होती. मला कुणी हाक मारली नाही."

त्यानंतर अकरा वर्षं ते सिस्टरशी बोलले नाहीत. लशींच्या कपाटाची देखभाल मात्र त्यांच्याकडेच होती आणि त्यांनी ती एक दिवस टाळली नाही. सिस्टर जेवायला घरी गेली की ते जायचे, काम करायचे, कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवायचे. "रबर बदललं. दार दाबून लावावे." सिस्टर खाली लिहायची, "बरं." अकरा वर्षांत दोघांमध्ये एवढाच व्यवहार.

मग साथ आली. पहिल्या लाटेत तीन आठवड्यांत बेटावरची नऊ माणसं गेली. त्यात आमचा न्हावी आणि त्याची बायको होती. शाळेच्या मुख्याध्यापिकेची आई होती. मुख्याध्यापिकेला आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. आईला शेवटचं त्यांनी खिडकीच्या काचेतून पाहिलं. साथ आणली होती पलीकडून आलेल्या एका पाहुण्याने, आणि तोही बिचारा त्यातच गेला. मग लाँच बंद झाल्या. माझ्या खिडकीवर फळी ठोकली गेली.

लस आली तेव्हा बाबांनी दवाखान्यात दुसरं, मोठं कपाट बसवलं. आता ते दिवसातून दोनदा जायचे. आतला पारा दोन अंशांच्या खाली जाता कामा नये आणि आठच्या वर चढता कामा नये, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी लस घेतली त्या दिवशी ते माझ्याबरोबर दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले.

"तुम्ही कधी घेणार?" मी विचारलं.

"तू घे. माझं मी बघतो."

ते म्हणजे नाही, हे मला कळायला चार महिने लागले.

लाँच पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या लांब लांब, त्यामुळे निम्मी माणसं व्हरांड्यात उभी. मोठ्या बाईंनी ठराव मांडला. लशीचे दोन डोस घेतल्याचा दाखला असेल त्याने खुशाल जावं-यावं. ज्याच्याकडे दाखला नाही त्याला जायला मोकळीक, पण परत आल्यावर चौदा दिवस शाळेच्या वर्गात एकट्याने राहायचं, मग घरी.

"माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच होता. "कुणीतरी आलं आणि ती गेली. मला पुन्हा तसं व्हायला नको आहे. एवढंच."

त्यांच्या विरुद्ध उभा राहिला भोंगा. भोंगा म्हणजे लाँचवाला. त्याच्या आवाजामुळे पडलेलं नाव. लस न घेतलेल्यांत तो पहिला, आणि रोज ये-जा करणाऱ्यांतही पहिला. म्हणजे नियम झाला की त्याच्या पोटावरच पाय.

"मी चौदा दिवस वर्गात बसलो तर लाँच काय फळा चालवणार?" तो म्हणाला. काही जण हसले. "आणि माझ्या दंडात काय टोचायचं ते सभा ठरवणार? उद्या जेवणात मीठ किती तेही ठरवा."

"तुझ्या मिठाने माझी आई मरत नाही," बाई म्हणाल्या.

हसणं थांबलं. मग बोलणं तापत गेलं. कुणी म्हणालं, लस घाईत केलीय. कुणी म्हणालं, नऊ मयतं काय कमी घाईत झाली. सिस्टर मागच्या भिंतीशी रजिस्टर मांडीवर घेऊन बसली होती. तिला प्रश्न विचारले की ती उठून उत्तर द्यायची आणि बसायची. आणि मग भोंग्याने ती गोष्ट काढली.

"इंजेक्शनने काही होत नाही म्हणता? थंडोबाला विचारा. वहिनी चालत गेल्या होत्या दवाखान्यात. लशींचं कपाट सांभाळणारा माणूस स्वतः लस घेत नाही. का घेत नाही? सांग रे बाबा, सगळ्यांना कळू दे."

सगळा हॉल वळून बघायला लागला. सिस्टरने मान खाली घातली. बाबा खिडकीजवळ उभे होते. ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. ते भाजीवाल्याशीही चार वाक्यं बोलत नाहीत.

"मी घेतली नाही, खरंय," ते म्हणाले. "मला भीती वाटते. सुई बघितली की मला दवाखान्यातला तो बाक दिसतो, ज्यावर तिला ठेवलं होतं. पण ते औषध वेगळं होतं, ही लस वेगळी आहे. मला माहीत आहे. रोज मीच सांभाळतो ती. मी घाबरतो, हे माझं मत म्हणून कुणी वापरू नका. आणि सिस्टरची चूक नव्हती. चौकशीत तसं लिहिलंय, ते मी वाचलंय. माझ्या बायकोला या भांडणात आणू नका. ती कुणाच्याच बाजूने नाही."

एवढं बोलून ते बाहेर गेले. हात वर करून मतं झाली तेव्हा ते शाळेच्या नळावर पाणी पीत होते. ठराव मंजूर झाला. माझ्या खिडकीवरची फळी निघाली आणि मला एक शिक्का आणि फॉर्मांचा गठ्ठा मिळाला. दाखला बघायचा, नसेल तर चौदा दिवसांच्या फॉर्मवर सही घ्यायची. भोंग्याने लाँच भाच्याच्या हातात दिली आणि तो धक्क्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना टोमणे मारू लागला.

आठवड्याने पलीकडून फोन आला. बाबांची थोरली बहीण, माझ्या नवऱ्याची आत्या, तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. आईविना वाढलेल्या बाबांना तिनेच वाढवलं होतं. मिस्त्रीकाम शिकायला तिनेच पाठवलं होतं. लस घेऊन जाणं आता शक्य नव्हतं. दोन डोस आणि मधले आठवडे, तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

"जातो मी," बाबा म्हणाले. "येताना वर्गात बसेन. पण कपाटाचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन दवाखान्यात गेले. जेवणाच्या सुट्टीत नाही. सिस्टर टेबलाशी होती. ती उठून उभी राहिली.

"सिस्टर," ते म्हणाले, "मी दोन-तीन आठवडे नसेन. तुम्हाला शिकून घ्यावं लागेल."

"हो, मिस्त्री," ती म्हणाली.

अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे असं झालं. त्यांनी तिला कपाटाच्या कडेला तळहात टेकवायला लावला. "हा कंप बरोबर आहे. हा लक्षात ठेवा. याच्यात खरखर आली किंवा मशीन सारखं चालू-बंद व्हायला लागलं तर समजायचं, काहीतरी अडलंय." मग गार पेटी दाखवली. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढल्या काढल्या पेटीत घालायच्या नाहीत, लस गोठते आणि गोठली की वाया जाते. पिशव्या बाहेर ठेवायच्या, हलवून बघायच्या, आत पाणी खळखळलं की मगच घालायच्या. सिस्टरला यातलं पुष्कळ आधीच येत होतं. तरी तिने पहिल्यांदा ऐकतेय अशा चेहऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

तासाभराने ते माझ्या खिडकीसमोर उभे होते. मी फॉर्म पुढे केला.

"कुठे करू?" त्यांनी विचारलं.

"इथे. आणि इथे तारीख."

"शिक्का नीट मार," ते म्हणाले. "पुसट आला तर तुलाच विचारतील."

पलीकडे काय झालं ते मला त्यांनी नंतर तुटक तुटक सांगितलं. हॉस्पिटलचा नियम आमच्यापेक्षा कडक होता. दाखल्याशिवाय वॉर्डात सोडत नव्हते. पाच दिवस ते हॉस्पिटलच्या आवारात एका सिमेंटच्या कट्ट्यावर बसून राहिले. तिथली एक नर्स दुपारी आत्याच्या कानाला फोन लावून द्यायची. आत्याला बोलता येत नव्हतं. हे बोलायचे. काय बोलायचे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी आत्या गेली. खांदा देता आला, तेवढं मात्र झालं.

परत आले ते धक्क्यावरून सरळ शाळेत. सातवीचा वर्ग मिळाला. बाक एकाला एक जोडून त्यावर गादी घातली. मी दोन वेळा डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवून मागे सरायचे. ते जेवायचे, डबा धुऊन परत ठेवायचे. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या.

"मिस्त्री, हा नियम मी आणला," त्या म्हणत होत्या. "तुमच्या बहिणीचं कळलं. काय बोलावं मला समजत नाही."

"तो बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही, बाई," बाबा म्हणाले. "तुमची आई गेली तेव्हा दार उघडं होतं म्हणून गेली. माझी आक्का गेली तेव्हा दार बंद होतं. मी त्या कट्ट्यावर बसून हाच हिशेब करत होतो. लागला नाही."

जाताना बाईंनी मला विचारलं, "उशी आहे ना त्यांना?" संध्याकाळी शिपायाच्या हाती दोन उशा आल्या.

नवव्या दिवशी भर दुपारी सिस्टरचा मला फोन आला. मोठ्या कपाटाचा पारा सातच्या वर गेला होता. दुसऱ्या डोसच्या सगळ्या बाटल्या त्यात होत्या. मी शाळेत पळाले. बाबांनी सिस्टरला फोन लावला.

"फोन कपाटाच्या पाठीला लावा," ते म्हणाले आणि डोळे मिटून उभे राहिले. मी खिडकीबाहेरून बघत होते. "कट् असा आवाज येतोय, मग गुणगुण, मग परत कट्. मशीन चालू करणारा रिले गेलाय. सिस्टर, पिशव्या बाहेर काढा. खळखळेपर्यंत थांबा. घाई करू नका, सात म्हणजे आठ नव्हे. मग बाटल्या पेटीत हलवा." मग मला म्हणाले, "माझ्या हत्यारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात नवा रिले आहे. बसवायला माणूस हवा."

यंत्राला हात घालू शकेल असा बेटावर दुसरा एकच माणूस होता. मी धक्क्यावर गेले आणि भोंग्यासमोर उभी राहिले. काम सांगितलं.

"म्हणजे माझ्याच हाताने लस वाचवायची," तो म्हणाला.

"काका, नको असेल तर तसं सांगा, मी दुसरं बघते."

"दुसरं कोण आहे तुझ्याकडे?" तो उठला आणि पॅन्ट झटकली. "लस मला नको म्हणजे नकोच. पण चांगलं मशीन बंद पडलेलं मला बघवत नाही."

बाबा फोनवरून सांगत होते, भोंगा कपाटामागे आडवा पडून हुं हुं करत होता, सिस्टर विजेरी धरून बसली होती आणि मी पेटीचा पारा मोठ्याने वाचत होते. पाच. पाच. साडेपाच. पाऊण तासाने मशीन एका लयीत चालू झालं. सिस्टरने कडेला तळहात टेकवला आणि फोनमध्ये म्हणाली, "आता कंप बरोबर आहे, मिस्त्री." एकही बाटली वाया गेली नाही. भोंग्याने हात धुतले आणि तो धक्क्याकडे निघून गेला.

चौदा दिवस भरले तेव्हा मी बाबांना आणायला गेले. ते पिशवी खांद्याला लावून घराच्या उलट दिशेला चालू लागले. मी मागोमाग. दवाखान्यात शिरून ते सिस्टरला म्हणाले, "मला द्या."

सिस्टरचा चेहरा उतरला. "परवा बुधवार आहे. डॉक्टर येतील. त्यांच्या हातून घ्या."

"तुमच्या हातून घ्यायची आहे."

तिने सुई भरण्याआधी ट्रे त्यांच्यासमोर ठेवला. काय झालं तर काय द्यायचं, ते सगळं एकेक करून दाखवलं. मग दिली. बाबांनी मान भिंतीकडे वळवली होती. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

"आता अर्धा तास बसायचं," सिस्टर म्हणाली आणि समोर खुर्ची घेऊन बसली. पाच-सात मिनिटं गेली. मग बाबांनी विचारलं, "त्या दिवशी मला का बोलावलं नाही?"

"तुमच्याकडे माणूस पाठवायला मी उठले होते," ती म्हणाली. "त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, आज ते शिडीवर आहेत, वरच्या नळ्यांचं काम आहे. आत्ता सांगितलं तर धावत उतरतील आणि पडतील. जरा बरं वाटू दे, मग सांगा. तेव्हा त्या बोलत होत्या. मला वाटलं, दहा मिनिटांत उतरेल सूज. मग त्यांना बोलता येईना, आणि मला उठता येईना."

"चौकशीत हे नाही."

"नाही. गेलेल्या बाईवर ढकलल्यासारखं झालं असतं. मी बोलावायलाच हवं होतं. ते माझंच चुकलं."

बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. "शिडीवरच होतो मी," ते म्हणाले. मग त्यांनी रुमाल काढून चेहऱ्यावर धरला आणि खूप वेळ धरून ठेवला. सिस्टर उठली नाही. मी बाहेर व्हरांड्यात गेले. अर्धा तास होऊन गेला तरी दोघं आतच होती. अधूनमधून सिस्टरचा आवाज यायचा, बाबा काही विचारायचे. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

त्यांना काही झालं नाही. दंड दोन दिवस दुखला एवढंच.

मोठ्या बाईंना वाटलं, आता बाबांनी सभेत चार शब्द सांगावेत, लोक ऐकतील. बाबांनी साफ नकार दिला. पण घाबरणारे लोक आपणहून त्यांच्याकडे यायला लागले. पहिली पाववाली आली. "घ्या" असं बाबा तिला म्हणाले नाहीत. "जाणार असशील तर मी येऊन बसतो," म्हणाले. बसले. मग आणखी आले. काहींनी घेतली, काही दारातून परत फिरले. परत फिरलेल्यांबरोबरही ते घरापर्यंत चालत जायचे. भोंगा मात्र शेवटपर्यंत आला नाही.

चौदा महिन्यांनी नियम उठला. सभाही भरली नाही, नुसता कागद लागला. मी फॉर्मांचा उरलेला गठ्ठा कचेरीत जमा केला. त्याच आठवड्यात बाबा आणि मी आत्याचं घर आवरायला पलीकडे निघालो. सुकाणूवर भोंगा परत आला होता. निम्मी वाट गेल्यावर त्याने आवाज शक्य तितका खाली आणून म्हटलं, "थंडोबा, त्या दिवशी सभेत वहिनींची गोष्ट काढायला नको होती मी."

"नको होती," बाबा म्हणाले.

भोंग्याने मान हलवली. थोड्या वेळाने बाबा त्याच्या शेजारच्या फळीवर जाऊन बसले, आणि मग पलीकडचा धक्का येईपर्यंत दोघं इंजिनातून येणाऱ्या कसल्याशा आवाजाबद्दल बोलत राहिले.